तर्कशास्त्राच्या सरांचा तंबोरा

आमचे लातूरचे घरमालक दूधवाल्याला "उद्या एक लिटर घाल" असं कधी सांगत नसत. "उद्या असलो तर एक लिटर," असं म्हणत. दूधवाला बिचारा साधा माणूस. त्याला आधी वाटलं, सरांना काही दुखणं आहे. मग वाटलं, हे घर विकून निघालेत. शेवटी त्यानं सरांच्या बायकोला, काकूंना, बाजूला गाठून विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, तू गुमान दूध घाल बाबा, आम्ही इथंच हावोत. त्यानंतर तो सरांच्या तोंडाकडं बघायचाच नाही, भांड्याकडं बघून दूध ओतायचा.

हा विक्षिप्तपणा मात्र जन्माचा नव्हता, भूकंपानंतरचा होता. बाकीचे सगळे जन्माचेच असावेत, कारण आम्ही राहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी त्यातले तीन-चार आमच्या अंगावर आले.

आम्ही म्हणजे मी आणि माझी आई. मला दहावीला बरे मार्क पडले आणि मुखेडात येईल-जाईल तो बाबांना सांगायला लागला की पोरीला लातूरला टाका, डॉक्टर होती बघा. बाबांचं बाजारात शिलाईचं दुकान. गिऱ्हाईक माप देता देता हेच बोलायचं. शेवटी एका जूनमध्ये एसटीच्या टपावर स्टोव्ह, गादी आणि ज्वारीचं पोतं टाकून आम्ही मायलेकी लातूरला उतरलो. तेव्हा तिथं गल्लोगल्ली अशी बिऱ्हाडं होती: आई स्वयंपाकाला, लेकरू क्लासला आणि बाप गावाकडं.

घरमालक कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. मूळचे उदगीरकडचे, लिंगायत. काकूंवर चिडले की कानडीत चिडायचे, म्हणजे भाडेकरूंना कळू नये. पण आवाजावरून सगळं कळायचं. त्यांच्या भाच्या-पुतण्या त्यांना अप्पा म्हणत, म्हणून आम्हीही अप्पाच म्हणायला लागलो. वर्गात एकदम शुद्ध बोलायचे, घरी आले की चपलेबरोबर ती भाषाही दाराशी काढून ठेवायचे.

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या दोन खोल्या भाड्याच्या होत्या. पण त्या दाखवायच्या आधी अप्पांनी मला समोरच्या स्लॅबच्या खोलीत नेलं. तिथं भिंतीला टेकून एक तंबोरा उभा. तारा किती, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चार. सूर किती? मी म्हणाले, चार. मधल्या दोन तर सारख्याच लागल्यात, म्हणाले, नीट ऐक. मग खालच्या खर्जाची तार त्यांनी हळूच छेडली आणि हात बाजूला घेतला. तार घुमत राहिली आणि जरा वेळानं तिच्या पोटातून दुसराच एक बारीक सूर वर आला. हा गंधार, अप्पा म्हणाले. ह्याची तार ह्या तंबोऱ्यात न्हाई. मग हा हाय का न्हाई?

मी पुढची डॉक्टर, तोंड उघडं टाकून उभी. दारात पोतं सांभाळत थांबलेली आई म्हणाली, "ऐकू आला म्हंजे हाय की. त्याला तार कामून लागती?"

अप्पांनी टेबलावरची वही ओढली, ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली. इतकी वर्षं शिकवून राहिलो, म्हणाले, वर्गात हे मला एकानं सांगितलं न्हाई. खोली तुमची.

कॉलेजात त्यांची अवस्था वाईटच होती. सायन्सच्या तुकड्या वाढत चाललेल्या, बाकं पुरत नव्हती, आणि अप्पांच्या वर्गात दोन मुलं. दोघांची हजेरी ते मोठ्यानं घ्यायचे. बाकीचे प्राध्यापक चेष्टा करायचे, सर, तुम्हीपण क्लास काढा की. अप्पांनी खरंच फाटकावर पाटी लावली: 'तर्कशास्त्र. शंका घेऊन येणे.' आजूबाजूला फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पाट्या, त्यात ही. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या, मुलीला गणितात शंका होत्या. अप्पांनी तिला दोन तास बसवून घेतलं आणि शून्याला काही नसणं म्हणावं का, यावर बोलले. बाई परत आल्या नाहीत. काही होत नाही, अप्पा म्हणाले, तेव्हा ते उठताबसता हेच म्हणायचे.

ते म्हणायचे, तत्त्वज्ञान म्हणजे तंबोरा. तो स्वतः गात न्हाई. पण तो चालू असला की गाणारा कुठं घसरला ते लपत न्हाई. आणखी एक वाक्य होतं, ते मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं होतं: गाणं बेसूर असतं, खोटं नसतं, विधान खोटं असतं, बेसूर नसतं, माणूस मात्र दोन्ही असू शकतो. मला तेव्हा ह्यातलं निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं आता नांदेडला क्लासमध्ये फिजिक्स शिकवताना कधीतरी कळतं. हो, डॉक्टर काही मी झाले नाही.

तंबोरा अप्पा जुळवायचे, गायच्या मात्र त्यांच्या थोरल्या बहीण. सगळे त्यांना अक्काच म्हणत. किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात दिलेल्या. महालक्ष्म्यांना माहेरी यायच्या, त्या आल्या की अप्पा पाव तास खुंट्या पिळत बसायचे आणि अक्का चटईवर मांडी घालून, पदर सारखा करत वाट बघायच्या. झालं का रे, झालं का रे, असं दहादा विचारायच्या. मग गायला लागल्या की अप्पा एक शब्द बोलायचे नाहीत. आवाज काही गोड नव्हता. जाड होता, बायका जात्यावर गातात तसा. पण खरा होता. मी पुस्तक घेऊन अंगणात बसायचे आणि पान उलटायचं विसरायचे.

त्या वर्षी, म्हणजे माझ्या बारावीच्या वर्षी, अक्का आल्या त्या जरा गप्पच होत्या. आईला सांगत होत्या, वरीस झालं बाई, भुईच्या पोटात जातं फिरल्यावानी गुरगुर येती. उतरंडीची भांडी वाजत्यात. लोक बाहेर पळत्यात, पुन्हा आत येत्यात. आई म्हणाली, मग रहा की इथंच थोडे दिवस. अक्का म्हणाल्या, बघू, अप्पाला विचारते. पुढं काय झालं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सकाळी क्लासला गेले आणि परत आले तेव्हा अक्का गावी गेल्या होत्या.

मग विसर्जन झालं आणि त्या पहाटे भूकंप झाला. लोक सांगतात, घर असं हललं, आढं तसं कडाडलं. मला घर हललेलं आठवतच नाही. मला तंबोरा आठवतो. आईनं दंड धरून मला अंधारात ओढत अंगणात आणलं, आणि समोरच्या खोलीत कुणीही हात न लावता तंबोऱ्याच्या चारी तारा झणझणत होत्या. आजही एखादी जड गाडी खिडकीखालून गेली की माझ्या पोटात तोच आवाज होतो. खरं सांगते, त्या आवाजाइतकं मी जिंदगीत कशाला भ्याले नाही.

अप्पा उजाडताच अक्काच्या गावाला गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या मातीनं भरलेले. काकूंनी पाणी तापवून दिलं. त्यांनी अंघोळ केली नाही, तसेच अंगणातल्या दगडावर बसून राहिले. अक्का गेल्या, हे आम्हाला काकूंनी सांगितलं.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी तंबोऱ्याची गवसणी काढली. तासभर जुळवला. समोर चटई अंथरलेली, रिकामी. मग परत गवसणी घातली. दुसऱ्या दिवशी तेच. गल्लीतले लोक म्हणायला लागले, सर नुसता जुळवतात, वाजवत न्हाईत, डोकं फिरलं काय? मला वाटतं, लोकांचं चुकत नव्हतं. आम्हा सगळ्यांचीच डोकी थोडी फिरलेली होती. गल्ली सगळी मैदानात झोपायची, वरून पाऊस. आमच्या आईनं पत्र्यांवर ठेवलेले दगड डोक्यात पडतील म्हणून उतरवून ठेवले, आणि दुसऱ्याच दिवशी वाऱ्यानं पत्रा उडून शेजारच्या बोरीवर जाऊन बसला. रोज नवी अफवा. आज मोठा येणार, परवा त्याहून मोठा येणार. सांगणारा पळत पळत सांगायचा, म्हणून ऐकणारा खरं मानायचा.

एवढ्या सगळ्यात अप्पा तेवढे आत, स्लॅबखाली, तंबोऱ्याशेजारी बसायचे. मी काकूंना एकदा म्हणाले, अप्पांना भीती वाटत न्हाई वाटतं. काकू म्हणाल्या, हात बघ जाऊन त्यांचे. मी गेले. खुंटीवरची बोटं थरथरत होती, म्हणून तर तासभर लागायचा जुळायला.

आता हे तंबोरा आपोआप वाजल्याचं आईनं मैदानात चार बायकांना सांगितलेलं. झालं. संध्याकाळी बायका पाणी भरून जाताना खिडकीतून विचारायला लागल्या, अप्पा, तंबोरा काय म्हणतो? अप्पा म्हणायचे, तो काही म्हणत न्हाई. त्याला हलवलं की तो हलतो. पण हे कोण ऐकतंय? तंबोरा गप आहे म्हणजे आज आत झोपायला हरकत नाही, असा हिशेब लोकांनी परस्पर लावून टाकला. आणि एक दिवस दुपारी तंबोरा झणझणला. काकू ओरडत बाहेर आल्या. दोन मिनिटांत सगळी गल्ली मैदानात. कुणाच्या हातात पीठ, कुणाच्या तोंडाला साबण, आमची आई तव्यावरची भाकरी तशीच हातात घेऊन, आणि बोटं भाजतायत हेही तिच्या ध्यानात नाही. अर्धा तास सगळे थांबले. भूकंप येईना. मग कुणीतरी बघून आलं: मागच्या प्लॉटवर नव्या क्लासची इमारत उठत होती, तिथं बोअरची मशीन चालू झाली होती.

संध्याकाळी किराणा दुकानवाले मामा चार माणसं घेऊन आले. म्हणाले, सर, तकलीफ माफ करा, पण ह्याच्या तारा काढून ठेवा. लेकरं भिऊन राहिलीत. अप्पांनी वाद घातला नाही. तारा उतरवल्या आणि गुंडाळून कपाटात ठेवल्या. दोन दिवस गल्ली सुखात झोपली असेल असं तुम्हाला वाटेल. कुठलं काय! तिसऱ्या दिवशी तीच चार माणसं दारात. सर, तारा परत चढवा. आता आला तर कळणार कसं? अप्पा कित्येक दिवसांनी जरासे हसले. वर्गातल्या दोघांना त्यांनी ह्यावर एक तास घेतला म्हणतात. तारा चढवल्या. आम्ही सगळे पुन्हा नेहमीसारखे भ्यायला लागलो.

माझी भीती मात्र निराळी होती आणि ती दिवसेंदिवस वाढत गेली. मला स्लॅबखाली बसता येईना. पत्र्याखाली चालायचं, मांडवात चालायचं. क्लासवाल्यांनी तर आठवड्यात शेड टाकून शिकवणं सुरू केलं होतं, तिथं मी नीट जायचे. पण कॉलेजची पूर्वपरीक्षा दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या पेपरला मागच्या मुलीनं बाक सरकवलं, आणि मी उत्तरपत्रिका टाकून जिन्यानं खाली. चप्पल वरच. दुसऱ्या पेपरला जिना चढवेनाच. कॉलेजातून बाबांना चिठ्ठी गेली.

बाबा आले. ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. टेप गळ्यातच राहिला होता, दुकानातून तसेच उठून आलेले. म्हणाले, बास झालं. माघारी चला. कंधारचं एक स्थळ आलंय, माणसं चांगली हायेत. आईनं त्यांना बोर्डाच्या परीक्षेपर्यंतची मुदत मागितली. बाबा म्हणाले, इंग्रजीच्या पहिल्या पेपरला बसली तर पुढचं बघू, पळून आली तर त्याच दिवशी सामान बांधायचं. मी पत्र्याच्या खोलीत उभी राहून हे ऐकत होते. माझं पुढचं सगळं आयुष्य एका जिन्यावर येऊन थांबलं होतं.

आई अप्पांकडं गेली. म्हणाली, अप्पा, ती तुमचं ऐकती. तुम्ही तिला एवढंच सांगा की काही होणार न्हाई. एवढं एकच.

"जे मला माहीत न्हाई ते मी कसं सांगू?" अप्पा म्हणाले.

आई रडली. धीर द्यायला काय जातं तुमचं, असंही म्हणाली. आईनं पुढं महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाजीची वाटी काकूंच्या हातात द्यायची. मलाही राग आला होता. सगळं जग एकमेकांना खोटं सांगून धीर देत होतं, आणि ह्या माणसाला मात्र शास्त्र पाळायचं होतं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच मला हाक मारली. म्हणाले, भूकंप येणार न्हाई हे मला सिद्ध करता येत न्हाई. पण तू कशाला भितीस ते आपल्याला ऐकता येईल. ये, उंबऱ्यावर बस. पहिल्या दिवशी मी उंबऱ्यावर, पाय बाहेर. चार दिवसांनी पाय आत. मग चटईवर, पण दाराकडं तोंड करून. तंबोऱ्याच्या भोपळ्याला पाठ टेकवायची, डोळे मिटायचे आणि तारा हलल्या की का हलल्या ते सांगायचं. ट्रक. बोअर. शेजारची पिठाची गिरणी. कधी काहीच नसायचं आणि तारा तरी गुणगुणत असायच्या. एकदा मी म्हणाले, अप्पा, आता तर काहीच न्हाई, तरी वाजतोय. ते म्हणाले, तुझी पाठ थरथरून राहिली पोरी. म्हणजे इतके दिवस मी ज्याला भूकंप समजत होते, त्यातला निम्मा माझाच होता. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

मग उरलेल्या अर्ध्याचं काय, मी विचारलं. तो खराच हाय, अप्पा म्हणाले. त्याची भीती खरी हाय. तिला खोटी म्हणून हाकलू नकोस, ती परत येती. पायाखालचा खर्ज म्हणून चालू राहू दे, आणि तू वर आपलं काम कर. फेब्रुवारी उजाडेपर्यंत मी त्या खोलीत घड्याळ लावून तीन तासांचा पेपर सोडवायला लागले. आईनं पुन्हा अप्पांशी बोलायला सुरुवात केली.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्याच शाळेत आलं. पहिल्या दिवशी आई, मी आणि अप्पा पायी गेलो. फाटकातून इमारत दिसली आणि माझं सगळं शिकलेलं गेलं. दोन मजले, आणि पोर्चच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग. नव्या सिमेंटनं बुजवलेली, म्हणून जास्तच दिसणारी. माझ्या नंबराची खोली वरच्या मजल्यावर. मुली भराभरा आत चालल्या होत्या. पहिली घंटा झाली. आई हात ओढत होती आणि माझे पाय हलत नव्हते. पोटात त्या पहाटेचा झणझणाट सुरू झालेला, आणि टेकायला तंबोरा नाही.

मी अप्पांचा सदरा धरला. म्हणाले, अप्पा, तुम्ही म्हणा. तुम्ही म्हणालात तर मी जाते. नाहीतर नाही.

अप्पांनी इमारतीकडं बघितलं, मग त्या भेगेकडं. त्यांचा चेहरा एवढा पांढरा झाला की आईनं माझा हात सोडला आणि त्यांना धरायला पुढं झाली. दुसरी घंटा झाली.

"काही होत नाही," अप्पा म्हणाले. "जा."

मी गेले. अगदी सरळ, पायऱ्या न मोजता. का जाणार नाही? जो माणूस दुधाचंसुद्धा वचन देत नाही, तो म्हणतोय. मला तर तो पुरावाच वाटला. तीन तास मी मान वर केली नाही, वरच्या छताकडं एकदाही बघितलं नाही. इतका निवांत पेपर मी आयुष्यात पुन्हा कधी लिहिला नाही.

बाहेर आले तर फाटकाशी गर्दी. पोर्चच्या भिंतीला दोन्ही तळहात लावून अप्पा उभे, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, आणि शेजारी बंदोबस्ताचा हवालदार दंडुका आपटतोय. आमच्याकडं परीक्षेच्या दिवशी भिंतीला चिकटून उभा राहणारा माणूस एकाच कामासाठी उभा असतो. हवालदारानं त्यांची दोनदा झडती घेतली होती. कॉपी कुठंय, कुणाला द्यायचीय, असं विचारून विचारून तो बेजार झाला होता. आईनं मला पुढचं सांगितलं. अप्पांनी हवालदाराला फक्त एक उत्तर दिलं होतं: "भिंत धरून ठेवलीय." तीन तासांत पाण्याचा घोट घेतला नव्हता. भिंतीपासून बाजूला करायला हवालदारानं त्यांना ओढलं होतं, तरी हात काढले नव्हते. मला बघितल्यावर काढले. तळहातांवर सिमेंटची पांढरी भुकटी होती. मला हसू आलं. हो, मी हसले. पेपर चांगला गेला होता ना.

घरी येऊन अप्पा अंथरुणात पडले. अंग तापलेलं. त्या दिवशी त्यांनी तंबोऱ्याची गवसणी काढली नाही. मी काकूंना मदत करायला स्वयंपाकघरात गेले आणि सगळी गंमत सांगायला लागले, हवालदाराची, झडतीची. काकू भाजी चिरत होत्या. ऐकून घेतलं आणि विळी आडवी केली.

म्हणाल्या, पोरी, अक्का जायला तयार नव्हती. राहते म्हणाली होती. ह्यांनी तिला इथं बसवून पटवून दिलं. वर्षभर गुरगुरतंय, वर्षभर काही झालं नाही, म्हणजे काही व्हायचं नाही, असं. स्टँडवर गाडीत बसवतानासुद्धा ती उतरायला बघत होती. "काही होत नाही, जा," म्हणाले आणि बाहेरून गाडीचं दार लावलं. आधी दिवसातनं दहादा म्हणायचे हे वाक्य, लाडकंच होतं. त्या दिवसापासून निघालं नव्हतं तोंडातनं. आज तू काढायला लावलंस.

मी तिथंच खाली बसले. काय केलं होतं मी! त्यांच्याकडून ते वाक्य काढून घेऊन मी वर जाऊन मजेत निबंध लिहीत बसले, आणि खाली तो माणूस तीन तास अख्खी शाळा दोन हातांनी धरून उभा होता. इतकी शरम मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. काकू म्हणाल्या, रडू नकोस, तुला काय माहीत होतं? पण मला ते बोलणं लागूच पडेना.

एक दिवस सोडून दुसरा पेपर होता. मला वाटलं, अप्पा उठणार नाहीत. मी वेणी घालून बाहेर आले तर ते सदरा घालून, ताप तसाच, दारात तयार. काकूंनी कानडीत चिडून बघितलं, उपयोग झाला नाही. फाटकाशी आलो. तीच भेग, तीच मुलींची घाई. अप्पा थांबले, इमारतीकडं बघितलं आणि माझ्याकडं वळले. ओठ कोरडे पडले होते. ते म्हणणार होते. माझ्यासाठी रोज म्हणणार होते, परीक्षा संपेपर्यंत, प्रत्येक पेपरला एकदा.

"अप्पा, आज म्हणू नका," मी म्हणाले.

"मग जाशील कशी?"

"भीत भीत."

मी आईकडं बघितलं, पॅड छातीशी धरलं आणि निघाले. ह्या खेपेला सगळ्या पायऱ्या मोजल्या. तेवीस होत्या. वर्गात बसल्यावर छताकडं बघितलं, दाराकडं बघितलं, पळायचं झालं तर कुणाला ढकलावं लागेल तेही बघून ठेवलं. मधे कुठंतरी बाक हललं. मी पेन बाकावर ठेवलं, दोन्ही मांड्या हातांनी दाबून धरल्या, आणि ते हलणं माझंच आहे हे कळेपर्यंत थांबले. मग पेन उचललं. आणखी दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा उठले नाही. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की तपासणाऱ्यानं शिव्या घातल्या असतील.

घंटा झाल्यावर खाली आले. पोर्चच्या भिंतीजवळ कुणी नव्हतं. मी फाटकाबाहेर येऊन इकडंतिकडं बघितलं. मग दिसले. पार लांब, रस्त्यापलीकडं लिंबाच्या सावलीत अप्पा आणि आई बसले होते, आणि तो हवालदारही. तिघं भाजलेल्या शेंगा फोडून खात होते.

"कसा गेला?" अप्पांनी विचारलं.

"माहीत न्हाई," मी म्हणाले. त्यांनी सरकून मला सावलीत जागा दिली.